वस्तूच्या पोटातला ताण : तोफेपासून थ्रीडी प्रिंटिंगपर्यंत

आजच्या विषयाची घोषणा झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला फोन करून विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनिअर नाही. यंत्र चालवून दाखवा म्हणाल तर जमणार नाही. पण या विषयाला एक इतिहास आहे, साडेतीनशे वर्षांचा, आणि त्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. दोन वस्तू आकाराने, वजनाने, घटकांनी अगदी सारख्या असल्या तर त्या सारख्याच म्हणायच्या का? हा प्रश्न आम्हाला परका नाही. तेव्हा तेवढ्या अधिकारावर बोलतो.

सुरुवात घरातूनच करू. आमचा भाचा पुण्याजवळच्या एका कारखान्यात काम करतो. तिथे धातूच्या पावडरीवर लेझर फिरवून भाग तयार करतात. एकदा तो आम्हाला काम दाखवायला घेऊन गेला. टायटॅनियमचा एक लांबट ब्रॅकेट होता, वीतभर लांबीचा. जाड बेस प्लेटवर तो घट्ट चिकटलेला, बघायला सरळसोट. मोजमाप केलं होतं, सगळं बरोबर. मग तो वायरकट मशिनवर प्लेटपासून कापून सुटा केला. तार शेवटाला पोचता पोचता ब्रॅकेटची दोन्ही टोकं वर उचलली गेली. जवळजवळ दोन मिलिमीटर. कोणी त्याला हात लावला नव्हता, आपटला नव्हता, तापवला नव्हता.

भाचा म्हणाला, "मामा, जॉब गेला."

आम्ही विचारलं, "अरे, पण आत्ताच तर सरळ होता!"

तो म्हणाला, "सरळ नव्हता मामा. सरळ धरून ठेवलेला होता."

आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्याचा विस्तार आहे असं समजा.

इंजिनिअर मंडळी याला रेसिड्युअल स्ट्रेस म्हणतात. पाठ्यपुस्तकात अवशिष्ट प्रतिबल हा शब्द सापडेल. आपण उरलेला ताण किंवा आतला ताण म्हणू. बाहेरून कसलाही भार नसताना वस्तूच्या आत जो ताण राहून गेलेला असतो, तो हा. तो का राहतो हे समजायला कारखान्यात जायची गरज नाही. ज्यांचं लहानपण गावात गेलं त्यांनी लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना पाहिला असेल. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते. मग दोघातिघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते, लाकूड करकरतं, आरे तुंब्यात घट्ट बसतात. आता चाक जमिनीवर नुसतं पडलेलं असलं तरी धाव कायम ताणलेली आहे आणि लाकूड कायम दाबलेलं आहे. ओढ आणि दाब एकमेकांना तोलतात, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. आतल्या ताणाचा हा पहिला गुण लक्षात ठेवा. त्याची बेरीज नेहमी शून्य असते, आणि म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही.

ही ओढ केवढी असते याचा हिशेब सोपा आहे. पोलाद एक अंशाने थंड झालं आणि त्याला आक्रसू दिलं नाही, तर त्यात सुमारे २.४ मेगापास्कल ताण निर्माण होतो. शंभर अंशांना २४० मेगापास्कल. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २,४०० किलोंची ओढ. साधं पोलाद एवढ्या ओढीला कायमचं ताणलं जायला लागतं. आणि धातू वितळतो तो शंभर अंशांना नव्हे, हजार-दीड हजारांना. तेव्हा थंड होताना अडवणूक झाली की ताण पैदा होणारच. प्रश्न एवढाच असतो की तो कुठे जातो.

आता लंडनला जाऊ. १६६० च्या सुमारास प्रिन्स रूपर्ट यांनी इंग्लंडच्या दरबारात काचेचे काही थेंब आणले. वितळलेली काच थंड पाण्यात टिपून टाकली की डोकं जाड आणि शेपटी केसासारखी बारीक असा थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक चिमटीत मोडा, सगळा थेंब क्षणात भुगा होऊन उडतो. राजा दुसरा चार्ल्स याने ते थेंब रॉयल सोसायटीकडे दिले. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मधल्या आपल्या सूक्ष्मदर्शकावरच्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे.

थेंबात काय होतं? बाहेरची काच पाण्यात आधी घट्ट होते. आतली काच अजून गरम असते. ती नंतर थंड होते, आक्रसू पाहते आणि बाहेरच्या कवचाला आत ओढते. कवच दाबलेलं राहतं, गाभा ताणलेला राहतो. काच दाबाने सहसा फुटत नाही, ओढीने फुटते, म्हणून डोकं हातोडी सोसतं. शेपटीतून भेग एकदा गाभ्यात शिरली की मात्र साठलेली सगळी ओढ सुटते. या थेंबाच्या कवचातला दाब नीट मोजला गेला तो आपल्या काळात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो सुमारे ७०० मेगापास्कल निघाला. दरबारी खेळणं समजायला साडेतीन शतकं लागली. आणि खेळणं म्हणून हसू नका. तुमच्या गाडीच्या बाजूच्या काचा याच तत्त्वावर कडक केलेल्या असतात.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवू. थेंबाच्या आत किती काच आहे यावर त्याचं वागणं ठरत नाही. कुठला भाग आधी थंड झाला आणि कुठला नंतर, यावर ठरतं. तीच काच सावकाश थंड केली असती तर साधी गोळी झाली असती. म्हणजे घडण्याचा क्रम वस्तूत राहून जातो.

हे काचेत चाललं तोवर गंमत होती. तोफेत आलं तेव्हा माणसं मेली. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या प्रिन्स्टन या युद्धनौकेवर मोठमोठे पाहुणे जमले होते. राष्ट्राध्यक्ष टायलर स्वतः जहाजावर होते. 'पीसमेकर' नावाची प्रचंड तोफ डागून दाखवताना फुटली. परराष्ट्रमंत्री अपशर आणि नौदलमंत्री गिल्मर यांच्यासह सहा जण ठार झाले. ती तोफ घडीव लोखंडाची होती, तिच्यात घडणीचे दोष होते, ओतकामाचा तो प्रश्न नव्हता. पण त्या अपघातानंतर थॉमस रॉडमन नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी मोठ्या तोफा मुळात का फुटतात याच्या मागे लागला.

त्याचं लक्ष ओतीव तोफांकडे गेलं. तेव्हा तोफ भरीव ओतत आणि नंतर तिला नळीचं भोक पाडत. भरीव ओतीव बाहेरून थंड होतं. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आक्रसतो आणि ओढीत राहतो. म्हणजे नेमक्या ज्या ठिकाणी दारूचा स्फोट नळीला फाकवणार, ते लोखंड आधीच फाकण्याच्या बेतात असतं. रॉडमनने हा क्रम उलटा केला. तोफ पोकळ ओतायची, मधल्या गाभ्यातून पाणी खेळवायचं आणि आतून थंड करायची. आतला थर आधी घट्ट होईल, बाहेरचे थर एकामागून एक त्याच्यावर आवळत जातील. आपली धावच ती, फक्त एकाच ओतीवात. १८४७ मध्ये त्याने पेटंट घेतलं. लष्कराने सुरुवातीला रस दाखवला नाही, म्हणून पिट्सबर्गच्या एका फौंड्रीच्या मदतीने त्याने प्रयोग केले. तेच लोखंड, तोच आकार, एक तोफ जुन्या रीतीने, एक नव्या. दोन्ही फुटेपर्यंत डागल्या. आतून थंड केलेली तोफ कितीतरी जास्त बार टिकली.

आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर रॉडमनने असं डागून दिलं. फूटपट्टी लावा, तराजूत घाला, रसायनशाळेत द्या, दोन्ही तोफा सारख्याच. तरी सारख्या नाहीत, कारण त्यांचा इतिहास वेगळा आहे.

आता हिंदुस्थानात येऊ, कारण या इतिहासातला एक महत्त्वाचा धडा आपल्या पावसाने दिलेला आहे. ब्रिटिश फौजेच्या बंदुकांची काडतुसं पितळी असत. इथल्या छावण्यांत ती साठवून ठेवलेली असत, आणि पावसाळ्यात, विशेषतः घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना, आपोआप भेगा पडत. कोणी डागली नाहीत, आपटली नाहीत, नुसती पेटीत पडून भेगाळली. ऋतूप्रमाणे होतं म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी याचा उलगडा नीट मांडला. पितळेचं काडतूस थंड अवस्थेत खेचून, ओढून आकाराला आणतात. त्या ओढाताणीचा ताण त्यात राहून जातो. तबेल्यातल्या मुतारीचा अमोनिया दमट हवेत त्यावर बसतो आणि ताणलेल्या पितळेत भेग पडते.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा शिक्षक जागा होतो. भेगेचं कारण कोणतं? अमोनिया म्हणावं तर ताण नसलेलं पितळ त्याच अमोनियात तडकत नाही. ताण म्हणावं तर कोरड्या हवेत तेच काडतूस वर्षानुवर्षं शाबूत राहतं. आपल्या न्यायशास्त्रात कारणांचे प्रकार वेगळे करून सांगितलेत, आणि रोजच्या मराठीत आपण 'निमित्त' हा शब्द त्याच परंपरेतून वापरतो. अमोनिया निमित्त. तयारी आत आधीच झालेली होती. उपाय दोन्हीकडून निघाला. काडतुसं अमोनियापासून दूर ठेवा, आणि बनवल्यावर ती बेताच्या तापमानाला भट्टीतून काढा, म्हणजे कडकपणा न घालवता ताण सैल होईल. आज ज्याला स्ट्रेस रिलीव्हिंग म्हणतात ते हेच.

पण ताण आहे की नाही हे कळायचं कसं? बर्लिनमध्ये एमिल हाइन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एक रीत पक्की केली. ओढलेल्या धातूच्या कांबीचा बाहेरचा थर खरवडून काढायचा आणि उरलेल्या कांबीची लांबी किती बदलली ते मोजायचं. १९३४ मध्ये योझेफ माथार यांनी लहानसं भोक पाडून भोवतालचा पृष्ठभाग किती सरकतो ते मोजायची रीत दाखवली. ती सुधारलेल्या रूपात आजही वापरतात. पुढे क्ष-किरण आणि न्यूट्रॉन आले, त्यांनी न कापता मोजता येतं. पण जुन्या रीतींची अडचण विचार करण्यासारखी आहे. ताण जाणून घ्यायचा तर वस्तू कापावी लागते, आणि कापली की तो ताण तिथे उरत नाही. आमच्या भाच्याच्या वायरकट मशीनने नकळत हाइन यांचाच प्रयोग केला होता.

पुढचा टप्पा वेल्डिंगचा. रिव्हेटऐवजी वेल्डिंग आलं तेव्हा पूल आणि जहाजं हलकी झाली, झटपट होऊ लागली. मार्च १९३८ मध्ये बेल्जियममध्ये हॅसेल्ट इथला आल्बर्ट कालव्यावरचा नवा वेल्डेड पूल कोसळला. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या दुभंगलं. वादळ नाही, टक्कर नाही. युद्धकाळात बांधलेल्या लिबर्टी जहाजांतही अनेकांना अशा भेगा गेल्या.

सगळ्यांचं बोट वेल्डिंगमधून राहिलेल्या ताणाकडे गेलं. इथे इतिहास आपल्याला सावध करतो. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की मूळ दोष पोलादात होता. ठरावीक तापमानाखाली ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होत होतं. हॅचचे कोपरे चौकोनी होते, तिथे भार एकवटत होता. वेल्डमध्ये दोष होते. आणि वेल्डेड जहाज सलग असल्याने एकदा निघालेली भेग थांबायला जागाच नव्हती. आतला ताण या सगळ्यात एक भागीदार होता, एकटा गुन्हेगार नव्हता. अदृश्य कारण सापडलं की सगळं त्याच्या माथी मारायचा मोह होतो. तो टाळला पाहिजे.

या अनुभवातून वेल्डर मंडळींच्या हातात तीन प्रकारची शहाणपणं आली. एक, जोडायच्या आधी भाग तापवून घ्या, म्हणजे गरम आणि गार यांतलं अंतर कमी होईल. दोन, लांब सांधा एका दमात मारू नका. तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट क्रमाने मारा, म्हणजे ओढ एकाच दिशेला साठणार नाही. तीन, काम झाल्यावर भट्टीत घालून ताण उतरवा. आधी टाळा, मध्ये वाटून द्या, शेवटी उतरवा. पुढचं सगळं या तीन वाटांवरच चालतं.

आता थ्रीडी प्रिंटिंग. १९८० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकर्ड या विद्यार्थ्याने लेझरने पावडरीचे थर जोडायची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९९० च्या दशकात जर्मनीत, विशेषतः आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत, धातूची पावडर पूर्ण वितळवून घट्ट भाग करायची पद्धत आकाराला आली. पावडरीचा थर पसरायचा, केसाच्या जाडीहून कमी. त्यावर लेझरने आकृती रेखायची. जिथे लेझर गेला तिथे धातू वितळतो आणि क्षणार्धात गोठतो. प्लेट खाली जाते, नवा थर येतो. असे हजारो थर.

एक छोटा हिशेब करून पाहा. लेझरच्या दोन रेघांमध्ये ०.१ मिलिमीटर अंतर आणि थराची जाडी ०.०४ मिलिमीटर धरली, तर एक घन सेंटिमीटर धातू तयार करायला २५० मीटर रेघ मारावी लागते. ही प्रत्येक रेघ म्हणजे एक बारीक वेल्ड. साखरेच्या चौकोनी खड्याएवढ्या धातूत पाव किलोमीटर वेल्डिंग! थंड होण्याचा वेगही अफाट, सेकंदाला लाख अंशांच्या घरात आणि त्याहून वर. वेल्डरला जहाजाच्या सांध्यात जी काळजी होती, ती इथे वस्तूच्या कणाकणात आहे.

२०२४ च्या मे महिन्यात इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं थ्रीडी प्रिंट केलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. आधी १४ भाग जोडून होणारं काम एका भागात आलं आणि १९ वेल्ड सांधे वाचले. अभिमानाची गोष्ट आहे. एलईएपी या विमान इंजिनातल्या इंधनाच्या नोझलमध्येही साधारण २० भागांच्या जागी एक भाग आला, तो २५ टक्क्यांनी हलका झाला आणि २०१६ पासून प्रवासी विमानांत उडतो आहे. सांधे गेले हे खरं. पण एका अर्थाने सगळी वस्तूच सांधा झाली.

ताण नेमका कसा साठतो? बेल्जियममधल्या लूव्हनचे मर्सेलिस आणि क्रूट यांनी २००६ मध्ये त्याची दोन अंगं स्पष्ट मांडली. पहिलं अंग असं. लेझरखालचा ठिपका तापून फुगू पाहतो, भोवतालचा गार धातू त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दाबला जाऊन आखूड होतो. मग थंड होताना आणखी आक्रसतो आणि ओढीत राहतो. दुसरं अंग थरांचं. प्रत्येक नवा थर थंड होताना आक्रसतो, पण खालचे थर आधीच थंड होऊन बसलेले असतात, ते त्याला आक्रसू देत नाहीत. वरचा ओढीत, खालचा दाबात. पूर्ण वस्तू अशी हजारदा आवळली जाते, आणि जाड बेस प्लेट तिला वाकू देत नाही. प्लेटपासून सुटका झाली की वरचे थर आपलं आक्रसणं पुरं करतात आणि टोकं वर येतात. कधी कधी तेवढाही धीर निघत नाही. काम चालू असतानाच भाग प्लेटपासून उचकटतो, किंवा कडा वर येऊन पावडर पसरवणारं पातं तिला अडकतं.

उपाय बघायला गेलं तर त्याच तीन वाटा. पहिली, टाळण्याची. स्वीडनच्या आर्कम कंपनीने लेझरऐवजी इलेक्ट्रॉन झोत वापरला आणि प्रत्येक थर आधीच तापवून घेतला. टायटॅनियमसाठी ही शेज ७०० अंशांच्या आसपास असते. भाग जणू भट्टीतच जन्मतो, म्हणून आतला ताण फारच कमी राहतो. किंमत अशी की भोवतालची पावडर अर्धवट चिकटून बसते, बारीक नळ्यांतून काढणं जड जातं आणि पृष्ठभाग खरबरीत येतो. लेझर यंत्रांतही प्लेट तापवतात, बहुतेक वेळा दोनशे अंशांपर्यंत, काही यंत्रांत त्याहून बरीच जास्त.

दुसरी वाट, वाटून देण्याची. लांब रेघांऐवजी लहान लहान चौकोन करून ते विखुरलेल्या क्रमाने भरायचे. प्रत्येक थराला रेघांची दिशा बदलायची. ६७ अंशांनी फिरवायची रीत रूढ आहे, कारण त्या कोनामुळे तीच दिशा पुन्हा यायला खूप थर जावे लागतात. जुन्या वेल्डरचा तुकड्यातुकड्यांनी सांधा मारण्याचा मंत्र इथे संगणकाने शिकला. आकृती काढतानाच जाड भागाला एकदम पातळ भाग जोडू नये, मोठी सपाट पसरट छेदरेषा प्लेटला समांतर येईल असा भाग मांडू नये, ही पथ्यंही याच वाटेवरची.

तिसरी वाट, उतरवण्याची. भाग प्लेटसकट भट्टीत घालायचा. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूला साधारण ८०० अंशांच्या घरात काही तास. ताण उतरला की मगच कापायचा. इथे क्रम महत्त्वाचा. आधी कापून मग भट्टीत घातलात तर वाकलेला भाग वाकलेलाच, फक्त शांत होऊन बाहेर येतो.

भट्टीचा आकडाही जुन्या वहीतून डोळे मिटून उचलता येत नाही. इन्कोनेल ६२५ या मिश्रधातूला ८७० अंशांना एक तास ही रीत प्रचलित होती. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की थराथराने वितळून गोठलेल्या या धातूत नायोबियम जागोजागी साकळलेलं असतं, आणि त्यामुळे तेवढ्याच वेळात त्यात डेल्टा नावाचा नकोसा घटक लक्षणीय प्रमाणात तयार होतो. घडीव धातूत तो इतक्या लवकर होत नाही. नाव तेच, घटक तेच, पण इतिहास वेगळा, म्हणून औषधाची मात्राही वेगळी. रॉडमनच्या दोन तोफा पुन्हा समोर आल्या.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय घेतला तो सांगतो. ताण आणि वाक या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत. बऱ्याच वेळा त्यांचं नातं उलटं असतं. जे धरून ठेवलं त्यात ताण राहतो. जे वाकू दिलं त्यातला ताण काही प्रमाणात सुटतो. भागाखाली जास्त आधार उभे केले की तो कमी वाकतो, पण ताण आतच राहतो. हल्ली संगणकावर आधी हिशेब करून भाग मुद्दाम उलटा वाकडा छापतात, म्हणजे शेवटी तो सरळ येतो. फार हुशार युक्ती आहे. पण तिने आकार दुरुस्त होतो. आत राहिलेला ताण तिने जातोच असं नाही. एनआयएसटीने २०१८ मध्ये जगभरच्या संशोधकांपुढे एक आव्हान ठेवलं होतं. ठरावीक आकाराचे पुलासारखे नमुने छापायचे, आतला ताण न्यूट्रॉन आणि क्ष-किरणांनी मोजायचा, मग नमुना प्लेटपासून अर्धवट कापून किती उचलतो ते मोजायचं, आणि हे दोन्ही आकडे आधी हिशेबाने सांगून दाखवायचे. ताण आणि वाक दोन्ही स्वतंत्रपणे तपासले, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट.

म्हणून आम्ही भाच्याला म्हणालो, "तुझा वाकलेला ब्रॅकेट प्रामाणिक आहे. त्याने पोटातलं सांगून टाकलं. भीती त्याची, जो सरळ राहिला."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू का? हा जॉब भट्टीत जायचा होता. भट्टी दोन दिवस मोकळी नव्हती, आणि माल शुक्रवारी द्यायचा होता. मीच म्हटलं, कापून बघू."

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावण्यासारखं काही नव्हतं. मोजमाप बरोबर होतं, आकृतीत बसत होतं, तपासणीच्या कागदावर सही झाली असती. कागद वस्तूचा आकार विचारतो, ती कशी घडली हे बहुतेक वेळा विचारत नाही. तोच ब्रॅकेट जाड आणि आखूड असता, तर ताण तेवढाच असूनही दिसण्याइतका वाकला नसता. शुक्रवारी गेला असता. पुढे कुठेतरी रोजच्या थरथरीत, वरच्या ओढीला आतली ओढ मिळून, एखाद्या कोपऱ्यात भेग सुरू झाली असती. तेव्हा लोकांनी निमित्ताला कारण म्हटलं असतं.

शेवटी आमच्या विषयाचं एक वाक्य बोलू द्या. सांख्य म्हणतात कार्य कारणात आधीच असतं. नैयायिक म्हणतात ते नव्याने उत्पन्न होतं. हा वाद आम्ही तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर घट आणि माती काढून शिकवला. वायरकटच्या तारेपाशी उभं राहिल्यावर वाटलं की त्या क्षणी तरी सांख्यांची बाजू भारी आहे. वाक तारेने आणला नाही. तो पहिल्या थरापासून आत होता.

व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी प्रश्न विचारला, तोही इथे नोंदवतो. ते निवृत्त फौंड्रीवाले होते. म्हणाले, "सर, आमच्या काळात लेथच्या बेडची ओतीवं आम्ही महिनोन् महिने उघड्यावर ठेवायचो. ऊन-पाऊस खाऊन ती मुरतात म्हणायचे. त्यात तथ्य होतं का?" होतं, पण समजत होते त्या कारणाने नाही. तशा ठेवण्याने ताण फारसा उतरत नाही, भट्टीत उतरतो त्याच्या मानाने थोडाच. पण ओतीव जे काही हलायचं ते बरंचसं त्या काळात हलून घेतं, आणि नंतर यंत्रावर घेतल्यावर कमी दगा देतं. त्या लोकांकडे मोजायचं साधन नव्हतं. पण वस्तूला तिचा वेळ द्यावा लागतो एवढं त्यांना ठाऊक होतं.

भाच्याने आता आपल्या रूट कार्डवर एक ओळ वाढवली आहे. 'भट्टीची नोंद पाहिल्याशिवाय प्लेटवरून कापू नये.' खाली सहीची जागा आहे. वाकडा ब्रॅकेट त्याने टाकला नाही. नवीन येणाऱ्या पोरांना दाखवायला टेबलावर ठेवलाय. सपाट फरशीवर ठेवून एका टोकाला बोट लावलं की तो अजून डुलतो.